तळाचं बटण

सगळ्या जगाला सहज कळेल असं एक पान शिवलीलानं बनवलं होतं, आणि त्या पानानं एका माणसाचा आवाज खाल्ला.

फोन सकाळी साडेदहाला आला. शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीत मदतीचा नंबर म्हणून जो छापला होता, तो शिवलीलाचाच मोबाईल होता. 'दालन' नावाचा मराठी ब्राउझर हे कंपनीचं एकुलतं एक अपत्य. मालक सम्राट, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती नऊ वर्षांपूर्वी टायपिंगला म्हणून आली आणि बघत बघत पानं मांडायला शिकली. शिकवलं कुणीच नाही, कुणी हाकललं नाही एवढंच.

"दालनवाल्या बाई तुमीच न्हवं?"

"हो, बोला."

"मी बेगम बोलतीया, वारणानगरातनं. ह्यांचा आवाज पुसला गेला की ओ. तीन आठवडं बसून भरल्याला. एक बी ऱ्हायला न्हाय."

मग रडत, थांबत, नाक ओढत बेगमनं सगळं सांगितलं. नवरा ख्वाजा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरचे नंबर पुकारायचा. घशात कॅन्सर निघाला. उद्या सकाळी कोल्हापुरात ऑपरेशन, आवाजाची पेटीच काढणार. दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी इंटरनेटवरचं एक पान दिलं होतं. त्यावर आधीच आपल्या आवाजात वाक्यं बोलून ठेवायची. नंतर वाक्यावर बोट ठेवलं की लॅपटॉप त्याच आवाजात बोलतो. ख्वाजानं एकशे ऐंशी वाक्यं भरली होती. ती त्या लॅपटॉपवर, दालनच्या पोटात होती, दुसरीकडं कुठंच नाही. प्रत काढायचं काम आज संध्याकाळी भरती झाल्यावर त्या दवाखान्यातल्या बाईच करणार होत्या.

"तुम्ही नेमकं काय दाबलंत, मावशी?"

"अक्षरं मोठी कराय गेलते. ते पगत शेटिंग का काय, तितं."

प्रगत सेटिंगचं पान शिवलीलानंच मांडलं होतं.

"आता कशालाच हात लावू नका. बंदही करू नका. मी येते."

"कोल्लापुरातनं?"

"तासाभरात येते."

सम्राट फोनवर होता. तिनं नुसती खूण केली, पेनड्राईव्ह पर्समध्ये टाकला आणि स्कूटी काढली.

हायवेवर ट्रक अंगावरून जात होते आणि ती मनातल्या मनात ब्राउझरचं पोट चाचपत होती. पुसलेल्या गोष्टी लगेच जात नाहीत. त्या आधी एका कोपऱ्यात टाकल्या जातात, आणि ब्राउझर पुन्हा सुरू झाला की मग कायमच्या जातात. म्हणजे पुन्हा सुरू झाला नसेल तर आशा आहे. कशानं तरी तो अडकला असू दे. वीज गेली असू दे. दालन नेहमी अडकतो म्हणून लोक शिव्या घालतात ना, आजच्या दिवस अडकू दे. स्वतःच्याच कामात खोट निघावी म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले, तेही एक हात हँडलवर ठेवून.

ते पान मांडायला तिला दोन महिने लागले होते. आधी बेचाळीस गोष्टी सहा कप्प्यांत कोंबलेल्या होत्या. दालन बसवलेल्या वाचनालयांतले म्हातारे फोन करायचे, "बाई, अक्षरं कुठं मोठी हुत्यात?" आणि ती चौथ्या कप्प्यातल्या तिसऱ्या ओळीचा पत्ता सांगायची. म्हणून तिनं सगळं एका पानावर आणलं. रोज लागणारं वर, क्वचित लागणारं खाली. बटण सरकवलं की बदल तिथल्या तिथे लागू, वेगळं जतन करायची भानगडच नाही. आणि सगळ्यात धोक्याचं, म्हणजे सगळं पुसून ब्राउझर कोरा करणारं, ते अगदी तळाला. फिनेलची बाटली मोरीच्या कोपऱ्यात ठेवावी तसं. तिथं कोण कशाला जाईल?

"एक नंबर, ताई," सम्राट म्हणाला होता. त्या दिवशी तिनं येताना अर्धा किलो पेढे घेतले होते, आणि सासूनं विचारलं होतं, "कशाचं गं?" तेव्हा काय सांगावं ते तिला सुचलं नव्हतं.

वाठारला हायवे सोडला. कामगार कॉलनीत शिरली तेव्हा पावणेबारा झाले होते.

ख्वाजा खाटेवर बसला होता. गळ्याला मफलर, अंगावर दवाखान्यात जायचा इस्त्रीचा शर्ट. दारात बांधून ठेवलेली पिशवी. लॅपटॉप टेबलावर, चार्जर लावलेला, आणि त्यावर हात पडू नये म्हणून बेगमनं चक्क परात पालथी घातली होती.

शिवलीलानं परात उचलली. पडद्यावर दालनचं कोरं पहिलं पान हसत होतं: नमस्कार, सुरुवात करूया.

पुसून झाल्यावर ब्राउझर आपोआप पुन्हा सुरू होत होता. माणसाला वेगळा त्रास नको म्हणून ती सोय तिनंच मागून घेतली होती. अख्ख्या रस्त्यात हे तिला आठवलं नव्हतं, की आठवून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. तरी तिनं फोल्डर उघडले. एक, दुसरा, त्याच्या आतला तिसरा. मग सम्राटला फोन लावून विचारलं. त्यानं दोन मिनिटं घेतली आणि म्हणाला, "नाही ताई. गेलं ते."

मागे बेगम उभी होती. तिचा श्वास शिवलीलाच्या मानेला लागत होता.

"मावशी, कसं केलंत ते एकदा दाखवा."

बेगमनं चष्मा लावला. पान उघडलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि प्रत्येक ओळ पुटपुटत, शाळेतल्या पोरीसारखी खाली आली. अक्षरांचा आकार मोठा केला. तिथं थांबली नाही. बोट ओळीओळीनं घसरत पार तळाला गेलं.

"हितं."

"पण अक्षरं तर मोठी झाली होती. खाली कशाला आलात?"

"सही कराय."

"सही?"

"मग? अर्ज भरला आन् तळाला सही न्हाय केली तर सायेब घेतो व्हय? रेशनचा भरा, दाखल्याचा भरा, कारखान्याचा भरा, सही तळालाच आसती. हितं बगितलं तर एकच बटन. म्हनलं हेच आसंल."

"आणि त्यानं 'नक्की का?' असं विचारलं असेल..."

"इचारलं की. हापिसात बी दोनदा इचारत्यात. म्हनलं व्हय बाबा, नक्की."

शिवलीला खुर्चीवर बसली. दोन महिने ती त्या पानाकडं बघत होती आणि एवढी साधी गोष्ट तिला दिसली नव्हती. तिची स्वतःची आई, जयसिंगपूरची शांतव्वा, पोस्टात अर्ज हातात आला की आधी तळाशी अंगठ्याची जागा शोधायची, मग विचारायची, वर काय लिहिलंय गं?

"ते पान मी बनवलंय, मावशी," ती म्हणाली. "तुमची चूक नाही. माझी आहे."

बेगम परात उचलून आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन म्हणाली, "चूक तुमची आसू दे न्हाय तर माजी. उद्या ह्यो मुका हुनार. मी काय करू ती चूक घिऊन?"

शिवलीला उघडलेले फोल्डर एकेक बंद करत गेली.

खाटेवरून खरखर आली. फुटक्या पत्र्यावरून वाळू सरकावी तशी. "किती वाजलं?"

"सव्वा बारा," शिवलीला म्हणाली.

"गाडी तीनला. डाक्टर म्हनलाय, दिसाला अर्धा तास बोल." ख्वाजानं मफलर सैल केला. "रडायला हाय का वेळ? हिकडं आना ते."

पहिल्यांदा त्यानं दवाखान्याच्या छापील यादीवरून वाचलं होतं. बेगमनं ती यादी काढली. मला पाणी हवे आहे. मला वेदना होत आहेत. कृपया दिवा मालवा. शिवलीलानं मनाशी हिशेब केला: तीन आठवड्यांचं काम अर्ध्या तासात, तेही ह्या आवाजात. वीस-पंचवीस वाक्यं. बाकीची एकशे पंचावन्न कुठली सोडायची?

"पानी काट," ख्वाजा म्हणाला. "तांब्या दावीन."

"दुखतंय?" बेगमनं विचारलं.

"त्वांडावर दिसंल की."

"दिवा मालवा?"

"मी काय लंगडा व्हतोय व्हय?"

बेगमला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती पुन्हा रडायला लागली. शिवलीला खोडत गेली. हातानं मागता येतं ते खोडलं, तोंडावर दिसतं ते खोडलं. पान कोरंच होत आलं. मग काय उरतं, ते तिघांनी मिळून मागच्या बाजूला लिहिलं. कॉलेजला सांगलीत असलेल्या लेकीला मारायची हाक, "मेहक, ए मेहक". "जेवलीस का?" "आयला, कसला उकाडा!" "बसा की पावणं, च्या घिऊन जावा." शेजारच्या आकारामला घालायची एक शिवी, जी दोघं तीस वर्षं एकमेकांना प्रेमानं घालत होते. ती लिहिताना शिवलीलानं मान खाली घातली, पण अक्षर वळणदार काढलं.

ख्वाजा एकेक बोलत गेला. दोन बोलला की थांबायचा, कोमट पाणी प्यायचा. सहाव्याला खोकला आला, ते पुन्हा केलं. प्रत्येक वाक्यागणिक शिवलीला त्याची प्रत पेनड्राईव्हवर टाकत होती, आणि टाकली की उघडून बघत होती.

बाराव्या वाक्यानंतर सम्राटचा फोन आला. ती दाराबाहेर गेली.

"ताई, पाचला नवी आवृत्ती सगळीकडं जाणार आहे. एकशे चाळीस वाचनालयं. घरच्या लॅपटॉपांवर गेलेलं तुमचं पान आता त्यातही आहे. काय करायचं?"

"तळाचं बटण काढ. वेगळ्या पानावर टाक, शोधल्याशिवाय सापडू नये असं. आणि आपोआप पुन्हा सुरू होणं बंद कर."

"मग तळाला काय? मोकळं?"

"नाही. तिथं एक बटण ठेव. 'झालं, जतन केलं.'"

"पण जतन तर आधीच होतंय. ते बटण करणार काय?"

"काहीच नाही."

"काहीच न करणारं बटण? लोक हसतील, ताई."

"माणसानं पान वाचलं, मन लावून भरलं, आता त्याला कुणीतरी म्हणायला पाहिजे ना, की झालं तुझं काम, जा घरी? तेवढं म्हणेल ते. हसू दे. तू लाव, नाही तर मी नोकरी सोडते." आणि फोन ठेवल्यावर तिला आठवलं, की नोकरी सोडून जायला तिला दुसरं काही येत नव्हतं.

आत अठरावं चाललं होतं. एकोणिसावं. विसाव्याला आवाज बारीक झाला. एकविसावं वाक्य बेगमनं सुचवलं होतं.

"माजं नाव घ्या."

ख्वाजानं तिच्याकडं बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, 'ऐकतीस का' ह्यापलीकडं त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती. त्या घरात तशी रीतच नव्हती. पहिल्या एकशे ऐंशीतही ते नव्हतं. त्यानं माईककडं तोंड नेलं. ओठ मिटले, उघडले. नुसती हवा आली. पाणी प्याला. पुन्हा प्रयत्न केला. गळ्याची शीर ताठली, डोळ्यांत पाणी आलं, आणि हवाच आली.

"ऱ्हाऊ द्या," बेगम म्हणाली.

त्यानं मान हलवली, तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ द्या म्हनलं न्हवं! रगात यील." तिनं माईक त्याच्या तोंडापुढून ओढून घेतला. "मी समोरच आसती. मला नाव कशाला पायजे?"

लॅपटॉपवर त्या एकविसाव्या वाक्याच्या जागी पाच सेकंदांची हवा भरली गेली होती. शिवलीलाचं बोट ती पुसायला गेलं. मग थांबलं. तिनं तीही पेनड्राईव्हवर घेतली आणि त्यापुढं नाव लिहिलं, बेगम.

तीनला गाडी आली. ख्वाजा पुढं बसला. पिशवी डिकीत गेली. शिवलीला स्कूटीकडं वळली तेवढ्यात बेगमनं तिच्या दंडाला धरलं.

"कुटं?"

"तुमच्या मागनं येते, मावशी."

"मागनं न्हाय. गाडीत बसा." तिनं उघडा लॅपटॉप शिवलीलाच्या हातात दिला. "ह्यो मांडीवर घ्या. दवाखान्यातल्या त्या बाईंनी ह्याची परत काडल्याशिवाय खाली ठिवायचा न्हाय. मला भरवसा न्हाय."

शिवलीला मागच्या सीटवर बसली, खिडकीशी. गाडी खड्ड्यातून गेली तसे तिनं दोन्ही हात लॅपटॉपभोवती घातले. पुढं ख्वाजानं ड्रायव्हरला बोटानं डावीकडं वळायला सांगितलं.