काळजातली सोनोग्राफी

मुखेडच्या दवाखान्यात सिंधुबाई खोकल्याचं औषध आणायला गेल्या आणि काळजाला जन्मापासून छिद्र असल्याची बातमी घेऊन परतल्या. पुढे नांदेडला तपासण्या झाल्या तेव्हा ते नक्की झालं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. बांध चढताना लागणारी धाप वयाची नव्हती, त्या भोकाची होती.

"फाटक्या काळजावर एवढा संसार वढला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "धड असतं तर तुमचं काही खरं न्हवतं."

किशनराव हसले नाहीत. उधळलेला देवणी बैल एकट्यानं आवरणारा हा माणूस, पण ऑपरेशन म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

लातूरच्या डॉक्टर मृण्मयींनी दोघांना समोर बसवून समजावलं. छाती उघडायची नाही. जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन छत्रीसारखं उघडणारं बटण भोकावर बसवायचं. ते नीट बसतंय का हे पाहायला दुसरी बारीक नळी थेट हृदयात न्यायची. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, त्यामुळे घशातून नळी घालावी लागत नाही आणि पूर्ण भूलही द्यावी लागत नाही.

"सोनोग्राफी?" किशनरावांनी दाराकडे बघत आवाज खाली आणला. "म्याडम, आमाला नातवंडं हायत. गावात काय सांगू?"

"जुळं हाय म्हनून सांगा," सिंधुबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हसू लपवायला फाईल उघडली.

सिंधुबाईंना ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. जांघ बधिर झाली होती. पंचशीला सिस्टर खांद्यावर हात ठेवून उभी होती. समोरच्या मॉनिटरवर राखाडी काहीतरी हलत होतं, वाऱ्यावर पान फडफडावं तसं. त्यातून रक्ताची लाल धार एका बाजूला सुटत होती.

"तेच का ते?"

"तेच, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "आईच्या पोटात होतात तेव्हापासूनचं."

सिंधुबाईंना लंगडी खेळताना मधेच खाली बसणारी परकरातली सिंधू आठवली. सगळे तिला आळशी म्हणायचे, तीही स्वतःला आळशीच समजायची. आत्ता तिला जवळ घेऊन सांगावं, तुझं काही चुकत न्हाई बाई, असं त्यांना फार वाटलं.

डॉक्टरांनी नळी किंचित वळवून मॉनिटरकडे निरखून पाहिलं. "मावशी, शेजारी अजून एक लहान भोक आहे. बाहेरच्या तपासणीत दिसलं नव्हतं. आतून बघितलं म्हणून सापडलं."

"जुळंच निघालं म्हना की."

सिस्टर फिसकन हसली. "मावशी, तुम्ही हसू नका, चित्र हलतंय," डॉक्टर म्हणाल्या, पण मास्कवरून त्यांचेही डोळे हसत होते. दोन्ही भोकं झाकतील असं मोठं बटण त्यांनी मागवलं. ते हृदयातल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंनी उघडलं. घट्ट धरलंय का, ते हलकेच ओढून पाहिलं आणि मगच सोडलं. लाल धार बारीक होत गेली आणि थांबली. सिंधुबाई बघतच राहिल्या.

नंतर पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं होतं, उठायची परवानगी नव्हती. चहा पाजायचं काम किशनरावांवर आलं. त्यांच्या हातून निम्मा चहा उशीनंच प्यायला.

"काय दिसलं आत?"

"समदं दिसलं. तुमी कुठं दिसला न्हाईत."

किशनरावांनी कप खाली ठेवला. नाक ओढून म्हणाले, "कोपऱ्यात असंल की. म्याडमनी तिकडं नळी फिरवली नसंल."

सिंधुबाईंनी पडल्या पडल्या त्यांचं मनगट धरलं. कितीतरी वेळ सोडलं नाही.

काही महिन्यांनी फेरतपासणीला दोघं लातूरला आले. बटण जागेवर होतं, रक्त योग्य वाटेनं जात होतं. "काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिला न्हाई, मला हाय," किशनराव म्हणाले. "पयलं धाप लागली की ही गप बसायची, तेवढ्यात माझं बोलून व्हायचं. आता मुखेडपासून बोलायलीय. मला मधी शिरायला जागाच न्हाई."

"त्याला गोळी नाही, काका."

"नकोच," सिंधुबाई म्हणाल्या, आणि वाटेत अर्धवट राहिलेली शेजारणीच्या सुनेची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.