सातूचं पाणी

बूच सुटलं ते थेट आढ्याला लागलं, आणि बाटलीतून फेसाचा असा लोट आला की देवमनने ती दोन्ही हातांनी दाबून धरली. चुलीपुढे बसलेली त्याची बायको शालू दचकली. माय मात्र मजेत बघत होती.

"सोडा हाय का रे?" तिने विचारलं.

"नाई व माय. सातूचं पानी हाय. साहेबानं सोताच्या हातानं केलं."

देवमन अकोटच्या एका कापसाच्या जिनात फिटर होता. गाठी बांधायची नवी प्रेस उभी करायला परदेशातून एक साहेब आला आणि वर्षभर देवमन त्याच्या हाताखाली राबला. साहेबाची हिंदी चार शब्दांची, देवमनचं इंग्रजी नटबोल्टापुरतं. पण दोघांचं छान जमलं. काल निघताना साहेबाने ही जाड तपकिरी बाटली त्याच्या हातात ठेवली. "जौ का पानी. घर में बनाया," असं म्हणून त्याने दंड फुगवून दाखवला. जौ म्हणजे सातू. भर उन्हाळ्यात सातू कोणाला नको असतो? उन्हाळी लागली की सातू प्यावा, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवमनने बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून जपून घरी आणली.

आज पौर्णिमा होती. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला सहा वर्षं होत आली होती. वस्तीत विहार अजून बांधून झालं नव्हतं, म्हणून दर पौर्णिमेची वंदना देवमनच्याच अंगणात व्हायची. तो सातवी शिकलेला. पाली शब्द त्याने पुस्तिकेवरून घोकून पाठ केले होते. तो पुढे म्हणायचा, वस्ती मागून म्हणायची. आज वंदना झाल्यावर सगळ्यांना घोटघोट सातू द्यायचा बेत होता.

नवं काही आणलं की पहिलं मायला, हा घरचा रिवाज. पण विलायती वस्तू, आधी आपण चाखावी म्हणून देवमनने कप तोंडाला लावला. कडू जहर. कडुनिंबाचा काढा बरा म्हणायची पाळी. तरी साहेबाने मायेने दिलंय, औषध कडूच असायचं, असं म्हणून त्याने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. पोटात ऊब उतरली. दिवसभर पाना फिरवून आखडलेले खांदे मोकळे झाले. त्याला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"घे माय."

पंचफुलाने, म्हणजे मायने, कप नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला होता.

"देवमन, हे दारू हाय."

"नाई व, सातू..."

"बावीस वर्सं तुह्या बापाच्या तोंडाचा वास घेतला म्या. मले नोको शिकवू."

देवमन कपापासून मागे सरला. त्याचा बाप पुंजाजी दर्यापूरच्या वाटेवर, नाल्यातल्या घोट्याइतक्या पाण्यात पालथा सापडला होता. त्याला उचलून आणताना बारा वर्षांच्या देवमनने एक पाय धरला होता. तेव्हापासून त्याची खात्री होती की थेंब जरी जिभेला लागला तरी आपल्याला ओकारी येईल. आणि आज तीन घोट पोटात गेले, ओकारी आली नाही. उलट चौथा हवासा वाटला होता. ती दारू होती यापेक्षा या गोष्टीने तो हादरला.

शालूने बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली. "न समजून पेले तुमी. त्यात काय एवढं? कोनाले सांगाचं काम नाई."

"समजून नाई पेलो," देवमन म्हणाला. "पन तिसरा घोट मले आवडला, माय."

माय आता थोबाडीत देईल असं त्याला वाटलं. तिने कप उचलून मोरीत ओतला.

"तुह्या बापानं हे कधी सांगतलं नाई," ती म्हणाली. "अंग दुखते म्हनून पेतो, थंडी हाय म्हनून पेतो. आवडते म्हनून कधी बोलला नाई."

दिवेलागणीला अंगणात माणसं जमली. शेजारच्या गोवर्धनने सतरंजी अंथरली, मेणबत्त्या लावल्या. देवमन येऊन शेवटच्या रांगेत बसला.

"देवमनदादा, तिथं कावून बसले? समोर या ना," गोवर्धन म्हणाला.

देवमन उभा राहिला. "आज मी दारू पेलो. चुकून पेलो, पन पेलो. मी पुढं म्हननार नाई."

पुढे बसलेल्या माणिकबाईने पदर तोंडाला लावला. कोणी कोणाकडे बघेना. बाकी कोणालाच सगळं पाठ नव्हतं. पाच शीलांपैकी दोन-तीन यायची, तीही देवमनच्या मागून.

तेवढ्यात पंचफुला उठली. तिला अक्षराची ओळख नव्हती. ती पुढे जाऊन देवमनच्या जागेवर बसली, हात जोडले आणि म्हणू लागली. सहा वर्षं नुसतं कानांनी ऐकलेलं, पण शब्द कुठे अडला नाही. वस्ती भांबावली, मग मागून म्हणू लागली. देवमनचे ओठ मात्र मिटलेलेच होते. चार शीलं झाली.

पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, तिने एकेक शब्द सुटा करून म्हटलं. अंगणाने ते मागून म्हटलं. माय पुढे गेली नाही. ती वाट बघत बसली, आणि हळूहळू सगळ्यांनाच कळलं की कोणाचं म्हणायचं राहिलंय.

देवमनने तोंड उघडलं. जिभेवर ती चव अजून होती. पहिल्याच शब्दाला तो अडखळला, तो शब्द त्याने पुन्हा म्हटला. माय मागे वळून न बघता, त्याचं पूर्ण होईपर्यंत थांबली.