निळा कप्पा

एकताने दात कोरायची काडी प्रिंटरच्या कार्ट्रिजच्या डाव्या भोकात घातली आणि बाहेर काढून पांढऱ्या कागदावर पुसली. पिवळी. दुसऱ्या भोकातून गुलाबी निघाली, तिसऱ्यातून निळी. वरचं स्टिकर काय सांगतं त्यावर विसंबायचं नाही, काडीला विचारायचं, असं तिचे सासरे म्हणायचे. चुकीच्या कप्प्यात चुकीची शाई गेली की माणसं हिरवी छापली जातात.

सासरे, म्हणजे अंबादास, जाऊन अजून आठवडा झाला नव्हता. उद्या सकाळी त्यांचं पुण्यानुमोदन होतं. भंतेजी येणार होते, कांचघर मोहल्ल्यातली ओळखीची सगळी घरं येणार होती, आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी ठेवायला त्यांचा एक धड फोटो नव्हता. एकताचा नवरा धम्मदीप म्हणाला, राइट टाउनच्या स्टुडिओतून करून आणतो. तशा सासूबाई, कुसुमबाई, उखडल्या.

"ज्या माणसानं उभ्या जन्मात बाहेरून एक कागद छापून नाही आणला, त्याचा फोटो बाजारातून आणतो? घरचं मशीन काय शोभेला ठेवलं?"

धम्मदीप खुर्च्या सांगायला निघून गेला. आईपुढे त्याची डाळ कधी शिजली नव्हती.

मग उरली एकता. सासऱ्यांची ही शाईची विद्या घरात तिलाच येत होती. वाळलेलं कार्ट्रिज तिने कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर टेकवून ठेवलं, त्याचं तोंड मोकळं झाल्यावर सिरिंजमध्ये शाई ओढली आणि सुई अगदी सावकाश आत सोडली. शाई भोकाशी आली की थांबायचं, थोडी मागे ओढून घ्यायची, पुसायचं. घाई करणाऱ्याच्या नखांत ती आठवडाभर राहते.

फोटो एकताच्याच लग्नातला होता. बदामी कोटातले अंबादास, मागे झेंडूच्या माळा, आणि त्यांना खेटून निळ्या साडीतल्या कुसुमबाई. एकताने स्क्रीनवर कुसुमबाईंना कापून टाकलं होतं. जिवंत माणसाच्या फोटोला हार कसा घालायचा? हे ती मोठ्याने बोलली मात्र नव्हती. या घरात शकुन-अपशकुन असले शब्द काढायची सोय नव्हती. मांजर आडवं गेलं तर अंबादास मुद्दाम त्याच रस्त्याने जात, वर मांजरालाही जय भीम घालत.

पहिला कागद बाहेर आला. चेहरा सुरेख उतरला होता. फक्त कोटाच्या खांद्यावर बोटं होती.

कापताना राहिली असतील, म्हणून तिने स्क्रीनवर पाहिलं. तिथे बोटं नव्हती, नुसता कोट होता. तरी तिने कड आणखी आत घेतली आणि पुन्हा छापलं. या खेपेला बांगड्यांसकट अख्खा हात आला. अंबादास थोडे बाजूला झाले होते, बसमध्ये ओळखीच्या माणसाला जागा करून द्यावी तसे.

तिसऱ्या वेळी मशीन बराच वेळ कुरकुरत राहिलं. खांदा आला, पदर आला, अर्धा गाल आणि एक डोळा आला. पदर निळा नव्हता, फिकट गुलाबी होता. एकताने कार्ट्रिज काढून पुन्हा काडी घातली. पिवळी होती, गुलाबी होती. निळा कप्पा कोरडा ठणठणीत होता. ज्या फोटोत निळं औषधालाही नव्हतं, त्याने सगळी निळी पिऊन टाकली होती.

एकताला भीती वाटली. आपण असलं काही मानत नाही, हे दोनदा मनाशी म्हणूनही वाटली. स्वतःची आई गेल्यापासून आई म्हणून हाक मारायला तिला ही एकच बाई उरली होती.

"झाला का फोटो?"

कुसुमबाई दारात उभ्या होत्या. एकताने निळ्या शाईची बाटली ओढणीखाली घेतली. कागद लपवायला वेळच मिळाला नाही. कुसुमबाईंनी तिन्ही पाहिले, शेवटचा उचलला, खिडकीशी नेला आणि डोळ्यांजवळ धरला. त्या घाबरल्या नाहीत. उलट हसल्या.

"सरकले म्हणायचे शेवटी."

"आई, मशीनच काहीतरी बिघडून राहिली. मी तुम्हाला काढलं होतं फोटोतून. खरंच."

"काहून काढलं?"

एकताने बाटली ओढणीत आणखी आत सरकवली.

"कालच म्हणलं मी त्यांना, एकटे काय बसले, मला थोडी जागा करा." कुसुमबाईंनी कागदावरच्या गालावरून बोट फिरवलं. "पण माझी साडी अशी काहून दिसून राहिली? निळी होती ना. अन् चेहरा अर्धाच आला. निळी भर बेटा, अजून एक काढ. चलो, जल्दी कर."

बाटली एकताच्या मुठीत होती आणि तिच्यात भरपूर शाई होती. उद्या सकाळी सगळ्यांबरोबर हात जोडून ती पंचशील म्हणणार होती, खोटं बोलणार नाही म्हणून.

"निळी संपली, आई."

"सगळी?"

"सगळी. बाजारात पण नाही मिळत आता."

कुसुमबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओढणीखालच्या हाताकडे पाहिलं. एकताने हात हलवला नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं तिला भान नव्हतं.

कुसुमबाईंनी कागद पालथा करून टेबलावर ठेवला.

"मग उद्या तो पहिलाच लाव. बोटं हाराखाली झाकून जातील."

"हो, आई."

"अच्छा." त्यांनी पदर खोचला. "मग थांबावं लागते मला."

आणि उद्याच्या खिरीचे तांदूळ निवडायला त्या आत गेल्या.