पॅसेजकडची भिंत

सुहासिनीकाकू मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात पडल्या. बुधवारी दुपारी कामाला येणाऱ्या हौसाबाईंनी दार वाजवलं, तेव्हा कुठे ते कळलं. शेजारच्या घरात माणसं होती, पण काकूंची हाक कुणालाच ऐकू गेली नव्हती.

आईने फोनवर हे हेमांगीला सांगितलं. ठाकुर्लीची ती सात मजली इमारत आर्किटेक्ट म्हणून हेमांगीनेच आखलेली. त्या जागेवरच्या जुन्या इमारतीत ती लहानाची मोठी झाली होती. तिथे सगळ्यांच्या, काकूंच्याही, खिडक्या सामाईक गॅलरीत उघडायच्या. पुनर्विकासात हेमांगीने गॅलरी काढून टाकली आणि पॅसेजकडची भिंत कोरी ठेवली. बिल्डर म्हणाला होता, "मॅडम, एखादी खिडकी ठेवा की." तिने ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी ती डोंबिवलीच्या हॉस्पिटलात गेली आणि भिंतीची चूक आपली असल्याचं काकूंना म्हणाली.

"तुझा काय दोष? पाय माझा घसरला," काकू म्हणाल्या. "आणि लोकांच्या नजरांचा मलाही कंटाळा आलेलाच की."

"तसं नाही काकू. बारावीत मी गॅलरीत अनिशशी बोलत होते. तुम्ही खिडकीतून बघितलंत आणि आईला सांगितलंत. वर्षभर माझं बाहेर पडणं बंद झालं. नकाशा काढताना तुमची तीच खिडकी डोळ्यांसमोर होती. तुमच्यावरचा राग मी अख्ख्या बिल्डिंगवर काढला."



"सांगितलं होतं खरं," काकू म्हणाल्या. "वाटलं, पोरीचं भलं करतेय. तू बोलायची थांबलीस तेव्हा समजलं. पण माफी मागायला जीभ रेटली नाही गं."

हेमांगीला रडू आवरेना. काकूंनी माफ केलं असतं किंवा चार शब्द सुनावले असते, तर सोपं गेलं असतं.

महिन्याभराने तिने सोसायटीच्या मीटिंगमध्ये पॅसेजच्या भिंतीत खिडक्या सुचवल्या, ज्याच्या त्याने आतून उघडायच्या किंवा बंद ठेवायच्या. अठ्ठावीसपैकी नऊ घरं तयार झाली. काकू नाही म्हणाल्या. "वॉकर धरून कशी चालते ते इतक्यात कुणी बघायला नको." घराची एक किल्ली शेजारच्या कृतिकाकडे ठेवायला मात्र त्या कबूल झाल्या.

तोच नकाशा हेमांगीने पुढे कळव्याला आणि कोलशेतलाही वापरला होता. तिथल्या कुणालाच ती ओळखत नव्हती. तिने दोन्ही सोसायट्यांना पत्रं लिहिली: चूक माझी आहे, दुरुस्तीचं ड्रॉइंग मी करून देते. कळव्याहून सेक्रेटरींचा फोन आला. कोलशेतहून अजून काही आलेलं नाही.