काठावरची बोटं

मी परात बोलते आहे. मोठी, एनॅमलची, पांढऱ्या अंगावर निळी फुलं असलेली. कुठल्या कारखान्यात घडले ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेंट लुईच्या बाजारातलं ऊन, आणि मला उपडी करून, बोटाने टकटक वाजवून पाहणारी आस्तू. ती तेव्हा नवी नवरी होती. बरोबरची नणंद, सेनाबू, म्हणाली, "दोघांना एवढी परात? त्यात काय आंघोळ करणार?"

"घर भरल्यावर मग परत बाजारात कोण येणार?" आस्तू म्हणाली, आणि मी कोळीवाड्यात आले.

घर भरलं. आधी रोखाया झाली, मग बऱ्याच वर्षांनी दाबा. दुपारी अंगणातल्या वाळूवर चटई अंथरली जाई, मधोमध मला ठेवत. तांबूस भात, वर मासा, कोबी, गाजर, कसाव्याचे कंद. मासा बहुधा आस्तूच्या नवऱ्याने, इब्राने, स्वतः धरलेला असे.

आमच्याकडे परातीवर बसायची रीत आहे. आपल्या पुढ्यातलंच खायचं. नजर खाली ठेवायची. दुसऱ्याच्या हाताकडे पाहणं म्हणजे त्याचे घास मोजणं, आणि तसं पाहणारा माणूस हलका समजला जातो. मासा घरची बाई मोडते आणि एकेकाच्या पुढ्यात टाकते. मुलांनी डाव्या हाताने माझा काठ धरायचा, म्हणजे मी हलत नाही. रोखाया मोठी झाली तरी तिची ती सवय सुटली नव्हती. म्हणून तिच्याबद्दल जे मला कळलं, ते बोटांवरून कळलं.

एका मोसमात इब्राची होडी परत आली नाही. बाकीच्या आल्या. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. घरातही कुणी बोललं नाही. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले, चटई पुन्हा अंथरली गेली, मासा आता विकत येऊ लागला. रोखायाने त्या दिवसापासून मासा खाल्ला नाही. आईने टाकलेला तुकडा ती बोटाने हळूच दाबाच्या पुढ्यात सरकवी. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल.

शेजारचे बिरामकाका न्जाय घराण्यातले, आणि हे घर जोप. एकमेकांना खादाड म्हणायचं, असं या दोन घराण्यांचं थट्टेचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. दारातूनच ते म्हणत, "जोपांनो, परातीला निदान रंग तरी ठेवा रे!" सेनाबू उलट सुनावी, "न्जायांना वास बरोबर येतो." सगळी हसत. रोखायाही हसे. पण माझ्या काठावरची तिची बोटं आवळली जात.

हळूहळू मासाच नाही, भातही मागे राहू लागला. ती भात उकरी, त्याचा गोळा करी, तो मोडी, पुन्हा करी. हात सतत चालू असे. वरून पाहणाऱ्याला ती जेवते आहे असंच वाटलं असतं. आणि वरून पाहणारं तर कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा रीतीप्रमाणे खाली. शेवटी परात रिकामी व्हायची. कुणी किती खाल्लं हे रिकाम्या परातीवर लिहिलेलं नसतं.

मला भीती वाटू लागली. ती बोटं भर दुपारी, गरम भाताच्या काठावर, गार लागत. पुढे ती थरथरू लागली. कपडे ढगळ झाले, तेव्हा सेनाबू कौतुकाने म्हणाली, "बापासाठी रोजे धरते पोर." मला ओरडावंसं वाटे. भांड्याला आवाज असतो तो फक्त पडल्यावर.

आणि मी पडलेच. म्हणजे कलंडले. रोखाया बसल्याजागी माझ्या काठावर कोसळली, भात वाळूत सांडला, दाबा रडायला लागली.

आधी ताईत आला. कुणीतरी बाधा म्हणालं, कुणी नजर. मंतरलेलं पाणी तिने पिऊन दाखवलं. पण ती अधिकच सुकली, आणि मग आस्तू तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या ओदिल सिस्टर दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आल्या. चटईवर बसून त्यांनी विचारलं, पोरगी जेवते का. आस्तूला तो प्रश्न अपमानाचा वाटला.

"माझ्या घरात कुणी उपाशी नाही, सिस्टर. रोज परातीवर आमच्याबरोबर बसते."

"बसते," सिस्टर म्हणाल्या. "जेवते का?"

आस्तूने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं. ती रोज हातभर अंतरावर बसत होती आणि तिला माहीत नव्हतं.

मग सिस्टर बराच वेळ बोलल्या. हे ढोंग नाही, हट्ट नाही, वेडही नाही. मनातला आजार जेवणावर येऊन बसतो, आणि मग माणसाला घासाची भीती वाटते, जशी आपल्याला खोल पाण्याची. कुणा एकाची थट्टा किंवा एक मरण याला कारण असतंच असं नाही. कधी कधी सगळं एकत्र साठतं. रागावून किंवा जबरदस्तीने हे जात नाही. आधी मोठ्या हॉस्पिटलात नेऊन शरीर सावरायचं, बरोबर मनाच्या डॉक्टरशी बोलायचं. आणि घरी आल्यावर काही काळ तिचं ताट वेगळं, शेजारी आई.

सेनाबू उठूनच उभी राहिली. "वेगळं ताट? आमच्याकडे भांडलेल्या सवती वेगळ्या जेवतात. लोक म्हणतील, बाप गेला आणि पोरीला टाकली."

"आणि पोरगी गेली तर लोक काय म्हणतील, वन्सं?" आस्तू म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

मायलेकी हॉस्पिटलात गेल्या. आमच्याकडे आजाऱ्याबरोबर घरचं माणूस राहतं. इकडे सेनाबू मला चटईवर मांडी आणि ती व दाबा दोघीच माझ्याशी बसत. बातमी कधी बरी येई, कधी येतच नसे. फोन वाजला की सेनाबूचा हात भातातच थांबायचा. या घरातलं एक माणूस गेलं, तेव्हाही वाट पाहण्याची सुरुवात अशीच झाली होती.

रोखाया परत आली. बरी होऊन नव्हे, बरी व्हायला. आता ती भिंतीपाशी लहान वाडग्यात चमच्याने जेवते, आई शेजारी बसून काहीबाही बोलत असते, आणि पाहते. काही दिवशी वाडगा रिकामा होतो. काही दिवशी रोखाया त्याच्याकडे पाहत रडते. दर पंधरवड्याला मायलेकी डॉक्टरकडे जातात. बिरामकाका हल्ली दारातून हवापाण्याचं बोलतात. माझी भीती गेलेली नाही. चमच्याचा आवाज थांबला की मी आजही कान देते.

तुमच्या घरी ताटं वेगवेगळी असतील. तरी माझं एक ऐका. जेवायला बसणं म्हणजे जेवणं नव्हे. ज्याची काळजी वाटते त्याला विचारा, न रागावता. आणि एकट्याने निस्तरू नका, दवाखान्याची पायरी चढा.

परवा सेनाबूची मैत्रीण आली. मासे वाळवायच्या ओट्यावर दोघी बरोबर काम करतात. तिला आग्रहाने परातीवर बसवलं. भिंतीकडे पाहून तिने विचारलं, "ही का गं तिकडे? भांडलात की काय?"

मला वाटलं, सेनाबू आता काहीतरी सांगून वेळ मारून नेईल.

"आजारी आहे," सेनाबू म्हणाली. "जेवणाचाच आजार. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत."

"असा कुठे आजार असतो?"

"असतो. मलाही वाटायचं नसतो."

बाईने घास केला. तो तिच्या हातातच राहिला. मग तिने तो पुन्हा माझ्यात ठेवला आणि मान वर न करता, अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही कुठे नेलंत तिला?"

सेनाबू चटईवरून तिच्याजवळ सरकली.