किटलीच्या लोकरी टोपीखाली

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यातल्या निम्म्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि उरलेल्या निम्म्यावर तुमच्या बाईंचा. तरी ऐका.

मी एक जुना सेल आहे. या पत्र्याच्या ताटलीत, वाळूवर आडवा पडलेला, काळा, एका टोकाला फाटलेला. अग्निशमन केंद्र पाहायला येणाऱ्या प्रत्येक शाळेला मला दाखवतात. बंब पाहून तुम्ही टाळ्या वाजवता, मला पाहून नाक मुरडता. त्यात तुमचं काही चुकत नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात धातूच्या पातळ पट्ट्या गुंडाळून भरल्या, वर निळं आवरण चढवलं आणि जहाजातून मला इकडे धाडलं. वाटेत जहाजाचं इंजिन बंद पडलं आणि मी एकट्याने ते वेल्सच्या किनाऱ्याला लावलं, असं मी पूर्वी सांगत असे. आता सांगवत नाही.

मला विकत घेतलं एमलिनने. हा निवृत्त बसचालक. चाळीस वर्षं सिगारेट ओढून छातीचा भाता करून बसला होता. डॉक्टरांनी आणि त्याहून जास्त त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, डोळे वटारले तेव्हा त्याने सिगारेट सोडून ई-सिगारेट धरली. ही वाफसुद्धा काही औषध नव्हे, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या यंत्राच्या पोटात मी. ती वाफ मी अशी काढत असे की शेजारच्या बाई धुकं उतरलं समजून दोरीवरचे कपडे आत नेत. एमलिन क्लबात मला टेबलावर उभा करून म्हणायचा, "बघा, कसा पठ्ठ्या आहे!" कौतुकाने मी फुगलो. खरं सांगतो, तिथेच माझं बिघडलं.

कारण कौतुक करणाऱ्या त्याच माणसाच्या खिशात मी राहत होतो. बरोबर घराच्या किल्ल्या, सुटी नाणी आणि पेपरमिंटच्या गोळ्या.

"अरे, दुकानदाराने सेल ठेवायला डबी दिली होती ना?" ग्लेनिस विचारायची.

"डबीत माझे स्क्रू आहेत."

"मग स्क्रू खिशात ठेव की, शहाण्या!"

किल्ल्यांनी माझं निळं आवरण वरच्या कडेला फाडलं. मला ते कळलं होतं. पण मी पठ्ठ्या होतो ना, गप्प राहिलो. पुढे माझा चांगला चार्जर भांडी घासायच्या पाण्यात पडला आणि एमलिनने आठवडी बाजारातून दुसरा आणला. सेल भरला की थांबायचं, ही अक्कल त्या चार्जरला नव्हती.

मग आली थंडी. मागचं स्वयंपाकघर म्हणजे बर्फाचं कपाट. क्लबात कुणीतरी सांगितलं की गारठ्याने सेल मरतात. झालं! एमलिनने चहाच्या किटलीवरची लोकरी टोपी, म्हणजे टीकोझी, काढली आणि चार्जरसकट मला घातली.

"माझी टीकोझी? आणि चहाचं काय?" ग्लेनिस ओरडली.

"चहा गरमच असतो, ग्लेनिस. हा बिचारा गारठलाय."

"मी थंडीने कुडकुडते तेव्हा साधी चादर ओढत नाहीस अंगावर!"

दोघं हसली. मीही ऊब घेत पडलो. अख्खा हिवाळा असाच गेला, काही झालं नाही. काही झालं नाही, म्हणून टोपी वसंतातही तशीच राहिली.

त्या शनिवारी दुपारी रग्बीचा सामना होता. ग्लेनिसच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. ती वरच्या खोलीत होती, आणि धरून नेल्याशिवाय तिला जिना उतरता येत नव्हता. एमलिनने मला चार्जरला लावलं, टोपी घातली आणि तो पुढच्या खोलीत टीव्हीसमोर जाऊन बसला. मी केव्हाच भरलो होतो. तरी वीज येत राहिली आणि मी घेत राहिलो. लोकरीच्या आत अंग तापलं, फाटक्या कडेशी चटका बसायला लागला. पुढच्या खोलीत एमलिन पंचाला शिव्या घालत होता.

"एमलिन!" वरून ग्लेनिसची हाक आली. "काहीतरी जळतंय! टोस्ट ठेवलायस का?"

मित्रांनो, मला काळं तोंड घेऊन बसावं लागलंय ते याच्यामुळेच. तुमच्या घरी कुणी मोठं माणूस असा सेल चार्ज करत असेल तर त्याला सांगा, अगदी डोकं खाऊन सांगा. त्याचाच चार्जर लाव. उघड्यावर, टणक जागेवर ठेव, वर काही झाकू नकोस आणि त्याला टाकून दुसऱ्या खोलीत जाऊ नकोस. आवरण फाटलं तर त्या सेलचा मोह सोड. आणि पेटलाच तर हात लावायचा नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बंब बोलवायचा.

आता मी काय केलं ते ऐका. ग्लेनिसची हाक ऐकली आणि माझं काळीज हललं. मी टीकोझीसकट टेबलावरून उडी मारली, फरशीवरून गडगडत निघालो, मागच्या दारात मांजराला ये-जा करायला केलेल्या झडपेतून अंगणात गेलो आणि तिथे एकटाच, कुणाला झळही न लागू देता—

"खोटं!"

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "नेस्टा, खाली बस." ती बसली नाही.

"ते माझे आजोबा आहेत. त्यांच्या दाराला झडप नाही, आणि आज्जीकडे मांजरच नाही. तू उडीबिडी मारली नाहीस. तू तिथेच पेटलास. आज्जीला खाली येता येत नव्हतं, म्हणून आजोबांनी तुला हातात धरून बाहेर फेकलं. त्यांची दोन बोटं अजून वळत नाहीत. त्यांच्या शर्टाची बटणं रोज मी लावते."