पुढे कठीण आहे

लेक मेरीमने शहरातून फोनवर सांगितलं होतं, की तुम्ही दोघांनी जोडीने काहीतरी नवीन करा, नवरा-बायकोंनी अधूनमधून करावं असं. ताशतानला त्यात फारसा अर्थ वाटला नाही. उभा जन्म इसिक-कुल सरोवराच्या काठी गेला, पण दोघं कधी नावेत बसले नव्हते. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची. सरोवर दिसायचं ते कामावर जाता-येता. लेकीने परस्पर नाव ठरवून टाकली, म्हणून ते आले.

बटाटे काढून झाले की बुरुल लेकीकडे राहायला जाणार होती. नातवाला सांभाळायला, असं ती म्हणायची. परत कधी येणार ते तिने सांगितलं नव्हतं, आणि विचारायचा ताशतानला धीर होत नव्हता. दोघांचं बोलणं चहा-मिठापुरतं उरलं होतं. भांडणही नव्हतं. भांडायला अंगात जोर लागतो.

नाव भाड्याने देणारी जाडजूड बाई म्हणाली, "काका, काकूंना बुडवायचं तर बुडवा, नाव मात्र परत आणा."

बुरुल हसली नाही. डोक्याचा रुमाल घट्ट करून ती मागच्या फळीवर बसली. ताशतान वल्ही धरून तिच्याकडे तोंड करून बसला. त्याची पाठ पुढच्या पाण्याकडे. म्हणजे वाट तिने बघायची आणि नाव त्याने ओढायची. इतक्या जवळून, इतका वेळ त्याने तिच्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. चेहरा ओढलेला होता तिचा. आपलाही तसाच असणार, त्याच्या मनात आलं.

काठाकाठाने बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "अहो, पुढे कठीण आहे."

ताशतान वल्ही मारतच राहिला. काढला एकदाचा विषय तिने.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"ठाऊक आहे तर वळा की. चांगलं मोठं कठीण आहे."

"या वयात कुठे वळू? पण तू जाऊ नकोस, बुरुल. तू गेलीस तर त्या घरात मी..."

नाव धाडकन आदळली. ताशतान फळीवरून घसरून खाली बसला. वळून पाहिलं तर पाण्यातून डोकं काढलेला काळा दगड.

त्यांच्या भाषेत ताश म्हणजे दगड, आणि तो ताशतानच्या नावातच होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून सासरी आल्यापासून बुरुल दगडाला 'कठीण' म्हणत आली होती. चुलीची कठीणं, शेतातली कठीणं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आज नेमका त्यालाच विसर पडला.

"मी त्याचं सांगत होते," ती म्हणाली. तिला हसू आलं, पण ते पुरतं झालं नाही. "तुम्ही कशाचं बोलत होता?"

"जाऊ नकोस. एवढंच."

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तिकडे बोललं की कोणीतरी ओ देतं. इथे मी भिंतीशी बोलते."

"मी ऐकतो गं. उत्तर सुचत नाही."

"मग तेवढं तरी सांगावं माणसाने. सुचत नाही म्हणून."

"सुचत नाही," तो म्हणाला. बुरुलने मान हलवली, पिशवीतला तळलेल्या कणकेचा एक बोरसोक मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. तो आता गार आणि चिवट झाला होता. दोघांनी चावून चावून संपवला. मग त्याने वल्ह्याने दगडाला रेटा दिला आणि नाव माघारी फिरवली.

खांदे भरून आले होते. डोळे मिटून तो नाव ओढत होता.

"ताश," बुरुल हळूच म्हणाली. मग जरा थांबून, "डावीकडे घ्या."

त्याने डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याने नाव डावीकडे घेतली आणि दुसरा एक दगड नावेला न लागता मागे गेला.

काठाला लागतात न लागतात तोच मेरीमचा फोन आला. बुरुल ओल्या बुटांनी वाळूत उभी राहून बोलत होती. येईन, पण महिनाभरच, नाहीतर हिवाळ्याचा कोबी खारवायचा राहील, असं ती म्हणाली. यंदा तो चिरायला तुझ्या बाबांना बसवणार आहे, असंही म्हणाली. कसं वाटलं, असं लेकीने विचारलं असावं.

"काय वाटायचंय," बुरुल म्हणाली. "दमलो आम्ही."